फणसांबा लॅबमध्ये कसा तपासायचा: अर्क काढण्यापासून झोन मोजण्यापर्यंत

फणसाच्या जुन्या झाडाच्या खोडाला घोड्याच्या खुरासारखं काहीतरी चिकटलेलं असतं, वरून काळपट आणि भेगाळलेलं, खालून तपकिरी मखमलीसारखं आणि हाताने ओढलं तर जराही न हलणारं, कोकणात वाढलेल्यांनी ते बघितलंच असेल. आमच्याकडे त्याला फणसांबा म्हणतात, कुणी फणसोंबा म्हणतं, कुणी फणसअळंबी. बाळाची लाळ जास्त गळायला लागली किंवा तोंड आलं की आजी तो सहाणेवर पाण्यात उगाळायची आणि बोटाने हिरड्यांना लावायची. पुण्यात काष्ठौषधीच्या दुकानातही तुकडे मिळतात. शास्त्रीय नाव फेलिनस मेरिली, नवीन वर्गीकरणात फुल्विफोम्स मेरिली. मी एमएस्सीचा प्रोजेक्ट यावरच केला आणि त्यात ज्या चुका केल्या त्याच चुका घेऊन दरवर्षी कुणीतरी ज्युनियर रडत येतं, "ताई रीडिंगच येत नाहीये", म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतेय.

आधी हे समजून घ्या की लाकडावर वाढणाऱ्या अळंब्यांमध्येच अँटिऑक्सिडंट आणि जंतू मारण्याचे गुण का शोधतात. लाकडाला कडकपणा देणारं लिग्निन फोडणं हे फार थोड्या जीवांना जमतं, त्यात ही पांढरी कुज करणारी बुरशी सगळ्यात पुढे. ती त्यासाठी पेरॉक्सिडेज एंझाइम सोडते, हायड्रोजन पेरॉक्साइड वापरते आणि सगळीकडे फ्री रॅडिकल, म्हणजे दिसेल त्याला इजा करणारे उतावळे रेणू, तयार होतात, म्हणजे बाई स्वतःच पेटवलेल्या चुलीशेजारी राहते, मग स्वतःला भाजू नये म्हणून काहीतरी सोय हवीच. वर त्याच लाकडावर डोळा ठेवून बॅक्टेरिया आणि दुसऱ्या बुरश्या बसलेल्या असतात. आणि फणसांबा काही छत्रीसारखा दोन दिवसांत कुजून जात नाही, वर्षानुवर्षं पाऊसपाणी खात खोडावर टिकतो, दरवर्षी खाली नळ्यांचा एक नवा थर चढवतो. फेलिनस आणि त्याच्या भावकीत हिस्पिडिनसारखे पिवळे स्टायरिलपायरोन आणि इतर पॉलिफिनॉल असतात, गॅनोडर्मा या दुसऱ्या लाकडी अळंब्यात गॅनोडेरिक अ‍ॅसिडसारखी ट्रायटर्पीन असतात, सगळ्यांच्याच पेशीभित्तीत बीटा ग्लुकान हे पॉलिसॅकराइड, म्हणजे साखरेची लांब साखळी, असतं. पायक्नोपोरस नावाचं ते केशरी लाल पातळ अळंबं, वाळक्या लाकडावर पटकन डोळ्यात भरतं, त्यातल्या रंगद्रव्यांवर बॅक्टेरिया मारण्यासाठी बरंच काम झालंय. पण एका प्रोजेक्टमध्ये पाच जाती घेऊ नका. एक घ्या आणि नीट करा.

आणायचं कसं. सोबत हातोडी, पटाशी, खाकी कागदी पिशव्या, पट्टी आणि पेन्सिल ठेवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत अजिबात नाही, घरी येईपर्यंत घाम सुटतो आणि दोन दिवसांत वर हिरवी बुरशी, मग तुम्ही नक्की कुणाचा अर्क काढताय ते देवाला माहीत. काढायच्या आधी झाडावरच फोटो, वरून, खालून आणि पट्टी शेजारी धरून. झाड कुठलं, जमिनीपासून किती उंचीवर, जिवंत खोड की वाळकं, तारीख, गाव, सगळं तिथेच लिहा, घरी जाऊन आठवत नाही. स्वतःच्या किंवा ओळखीच्या बागेतून मालकाला विचारून आणलेलं सगळ्यात बरं, राखीव जंगलातून किंवा अभयारण्यातून वनखात्याच्या परवानगीशिवाय काहीही उचलायचं नाही, मग ते झाडाला चिकटलेलं "नुसतं लाकूड" का असेना. बारा महिने सापडतं, पण पावसाळ्यात कडेला ताजी फिकट पिवळट किनार दिसते, ती जिवंत वाढीची खूण. किडीने पोखरलेलं, हलवलं की पीठ सांडणारं म्हातारं अळंबं सोडून द्या.

ओळख हा सगळ्यात दुर्लक्षित भाग आहे आणि खरं तर प्रोजेक्ट इथेच जिंकतो किंवा मरतो. फणसावर आहे म्हणून फणसांबा, असं नसतं. फणसावर गॅनोडर्मा पण येतं. दुकानातल्या तुकड्यांचं तर विचारूच नका, तुकडा करून विकलं की कुठल्या झाडावरचं कुठलं फेलिनस आहे हे कुणी सांगू शकत नाही. एक सोपी टेस्ट, आतल्या गराचा छोटा तुकडा घेऊन त्यावर ५ टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाका, फेलिनसच्या कुळातलं असेल तर तो तुकडा काळा पडतो आणि काळाच राहतो. पण गॅनोडर्माचा गर पण कधीकधी गडद होतो, म्हणून थेंबावर थांबू नका, सूक्ष्मदर्शकाखाली स्पोअर, म्हणजे बीजकण, बघा. गॅनोडर्माचा स्पोअर दुहेरी भिंतीचा आणि एका टोकाला कापल्यासारखा असतो, एकदा बघितला की परत चुकत नाही, फणसांब्याचे बारीक, गोलसर, पिवळट तपकिरी. पक्कं हवं असेल तर आयटीएस सीक्वेन्सिंग, म्हणजे जात ओळखू देणारा डीएनएचा तुकडा वाचणं, करून घ्या. आणि अर्धं अळंबं न दळता नमुना म्हणून जपून ठेवा. पुण्यात आघारकर संशोधन संस्थेत अजरेकर मायकोलॉजिकल हर्बेरियम, म्हणजे बुरशींच्या नमुन्यांचा संग्रह, आहे, तिथे नमुना जमा करून नंबर मिळाला तर पेपर पाठवताना रिव्ह्यूअर गप्प बसतो.

वाळवणं. उन्हात नको, ४० ते ४५ डिग्रीला ओव्हनमध्ये, पण त्याआधी ओलं असतानाच करवतीने नाहीतर पटाशीने पातळ काप काढून घ्या. मी आख्खंच वाळवलं होतं. वाळल्यावर ते शब्दशः लाकूड झालं आणि मी ते आईच्या मिक्सरमध्ये घातलं, चटणीच्या भांड्याचं पातं गेलं, वर आठवडाभर घरात विषय पुरला. मग शहाणपणा सुचला म्हणून गल्लीतल्या मसाल्याच्या डंकावर घेऊन गेले आणि पावडर मस्त झाली, अँटिऑक्सिडंटचं रीडिंग पण मस्त आलं, इतकं मस्त की सरांनी विचारलं कुठे दळलं. माझ्या आधी तिथे कुणाची तरी मिरची कुटलेली होती. मिरचीतलं कॅप्सेसिन स्वतःच फिनॉल आहे, हळदीतलं कर्क्युमिन पण तसंच, म्हणजे मी फणसांबा नाही, घाटी मसाला तपासत होते. सगळं फेकून पहिल्यापासून. तेव्हा कॉलेजचं पल्वरायझर, नाहीतर लोखंडी खलबत्ता धुऊन वाळवून, आणि तोंडाला मास्क लावून, कारण ती धूळ छातीत जाते. पावडर चाळणीतून गाळून हवाबंद बाटलीत, अंधारात.

आता अर्क. इथे लोक एकच मिथेनॉलचा अर्क काढतात आणि मोकळे होतात, ते चूक नाही पण अर्धंच आहे. पॉलिफिनॉल आणि ट्रायटर्पीन अल्कोहोलमध्ये उतरतात, बीटा ग्लुकान गरम पाण्यात. आजी पाण्यात उगाळायची, मिथेनॉलमध्ये नाही, त्यामुळे परंपरेबद्दल काही बोलायचं असेल तर पाण्याचा अर्क हवाच.

अल्कोहोलचा अर्क असा: १० ग्रॅम पावडर, १०० मिली मिथेनॉल किंवा इथेनॉल, झाकण लावून शेकरवर २४ तास, व्हॉटमन नंबर १ मधून गाळायचं, उरलेल्या चोथ्यावर परत ताजं सॉल्व्हंट आणि परत तेच, दोन्ही वेळचं गाळलेलं द्रावण एकत्र करून रोटाव्हॅपवर (कमी दाबाखाली सॉल्व्हंट उडवणारं यंत्र) ४० ते ४५ डिग्रीला आटवायचं. कॉलेजात रोटाव्हॅप नसेल तर वजन केलेल्या बशीत फ्यूमहुडखाली पसरून ठेवा, वेळ लागतो पण होतं. बर्नर शेजारी पेटलेला नसावा हे सांगायला लागू नये, पण लागतं. पाण्याचा अर्क: १० ग्रॅमला २०० मिली पाणी, ९० ते ९५ डिग्रीला दोन तीन तास, गाळून आटवायचं. त्यातलं पॉलिसॅकराइड वेगळं काढायचं असेल तर आटवलेल्या पाण्यात चौपट थंड इथेनॉल घालून रात्रभर फ्रीजमध्ये, सकाळी तळाला जो पांढरट तपकिरी चिकट साका बसतो तो सेंट्रिफ्यूज करून घ्या.

वजन करा. रिकाम्या बशीचं आधी, भरल्या बशीचं नंतर. समजा १० ग्रॅममधून ०.६२ ग्रॅम अर्क आला तर उतारा ६.२ टक्के. हा आकडा बरेच जण लिहीतच नाहीत आणि मग नंतर अर्कातलं प्रमाण पावडरीत बदलायचं म्हटलं की अडतं. आणि मिथेनॉलचा अर्क चाखायचा नाही, कुणाला औषध म्हणून द्यायचा नाही, बाटलीवर तसं मोठ्या अक्षरात लिहा, लॅबच्या फ्रीजमध्ये लोक डबे पण ठेवतात.

अँटिऑक्सिडंटसाठी डीपीपीएच. हे एक जांभळं फ्री रॅडिकल आहे, ब्लॉइस यांनी १९५८ मध्ये ही पद्धत मांडली आणि अजून सगळे तीच करतात कारण स्वस्त आहे आणि डोळ्याला दिसते. अर्कातल्या कुणीतरी त्याला हायड्रोजन किंवा इलेक्ट्रॉन दिला की जांभळा रंग जाऊन पिवळा होतो, स्पेक्ट्रोवर, म्हणजे द्रावण किती प्रकाश शोषतं ते मोजणाऱ्या यंत्रावर, ५१७ नॅनोमीटरला रीडिंग घसरतं. ०.१ मिलिमोलर द्रावणासाठी ३.९४ मिलिग्रॅम डीपीपीएच १०० मिली मिथेनॉलमध्ये, बाटलीला फॉइल गुंडाळायचं, रोजचं रोज ताजं करायचं. अर्काची १०, २५, ५०, १००, २०० मायक्रोग्रॅम प्रति मिली अशी द्रावणं करा. प्रत्येकातलं १ मिली घ्या, त्यात २ मिली डीपीपीएच, हलवा, अर्धा तास अंधारात, मग रीडिंग. कंट्रोल म्हणजे १ मिली मिथेनॉल अधिक २ मिली डीपीपीएच. सोबत व्हिटॅमिन सी ची तशीच मालिका, ती पण ताजी, कालची नको, कारण ते द्रावणात स्वतःच खराब होत जातं. सगळं तीन तीनदा.

आता जिथे नव्वद टक्के मुलं घसरतात ते. फणसांब्याचा अर्क स्वतःच तपकिरी असतो, चहासारखा, त्यामुळे तो ५१७ ला स्वतःचं थोडं रीडिंग देतोच. म्हणून प्रत्येक द्रावणाचा वेगळा ब्लँक लावा, १ मिली अर्क अधिक २ मिली नुसतं मिथेनॉल, आणि ते रीडिंग वजा करा. उदाहरण घ्या: कंट्रोल ०.८०, नमुना ०.३८, त्याचा ब्लँक ०.०६. खरं रीडिंग ०.३८ वजा ०.०६ म्हणजे ०.३२. मग ०.८० वजा ०.३२ भागिले ०.८० गुणिले १००, उत्तर ६० टक्के. ब्लँक न लावता केलं असतं तर ५२.५ आलं असतं, म्हणजे तुमच्याच अळंब्यावर तुम्हीच अन्याय केला असता, आणि डोस जितका जास्त तितका हा घोळ मोठा. पाण्याच्या अर्काची वेगळी कटकट, मिथेनॉल पडलं की त्यातलं पॉलिसॅकराइड साकळतं आणि क्युव्हेट (स्पेक्ट्रोत ठेवायची द्रावणाची छोटी नळी) गढूळ होते, स्पेक्ट्रोला गढूळपणा आणि रंग यातला फरक कळत नाही. त्याला रीडिंगच्या आधी सेंट्रिफ्यूज करा.

टक्के विरुद्ध डोस असा ग्राफ काढून ५० टक्के कुठे येतात ते वाचा, तो आयसी ५०. जितका कमी तितका अर्क जोरदार. ग्राफ सरळ रेषेत असेल तेवढ्याच भागातून वाचा, वर जिथे सपाट होतो तिथले बिंदू धरून रेघ ओढायची नाही, एक्सेल ओढून देतं म्हणून आपण घ्यायचं असं नाही.

सोबत एकूण फिनॉल काढा, फोलिन सिओकाल्टो पद्धतीने. अर्धा मिली अर्क, अडीच मिली दहापट पातळ केलेलं फोलिन, पाच मिनिटं थांबून २ मिली साडेसात टक्के सोडियम कार्बोनेट, अर्धा तास ठेवून ७६५ नॅनोमीटरला, गॅलिक अ‍ॅसिडचा स्टँडर्ड ग्राफ. फोलिन फक्त फिनॉललाच निळं होतं असं नाही, व्हिटॅमिन सी, काही साखरी, प्रोटीनमधलं टायरोसिन सगळ्यांना होतं, म्हणून निकालात "इतके फिनॉल आहेत" असं छातीठोक न लिहिता गॅलिक अ‍ॅसिडच्या तुलनेत लिहायचं. वेळ असेल तर फ्रॅप (अर्क लोहाचं रिडक्शन किती करतो ते मोजणारी पद्धत) पण करा, ५९३ ला. दोन वेगळ्या पद्धतींनी एकच दिशा दिसली तर बोलायला तोंड राहतं.

आता जंतू. हा भाग घरी करायचा नाही, स्वयंपाकघरात तर नाहीच, कुणीतरी व्हिडिओ बघून दह्याच्या वाटीत अगार ओततं म्हणून आपण ओतायचं नाही. स्टॅफिलोकोकस ऑरियस घरात वाढवण्याची गोष्ट नाही. कॉलेजच्या मायक्रो लॅबमध्ये, लॅमिनार (गाळलेल्या हवेचं निर्जंतुक कपाट) खाली, शिक्षक हजर असताना. कल्चर ओळखीच्या लॅबमधून उधार आणलेलं नको, त्याचा कुळगोत्र कळत नाही, पुण्याच्या एनसीएलमधल्या एनसीआयएम या जंतूसंग्रहाकडून किंवा चंडीगडच्या एमटीसीसी या तशाच संग्रहाकडून नंबरासकट मागवा. निदान एक जंतू 'ग्रॅम पॉझिटिव्ह' आणि एक 'ग्रॅम निगेटिव्ह' (ग्रॅमच्या रंगचाचणीवरून पडलेले जंतूंचे दोन गट), म्हणजे स्टॅफ आणि ई. कोलाय. अळंब्यांचे अर्क बहुतेक वेळा ग्रॅम पॉझिटिव्हवर जास्त चालतात, ग्रॅम निगेटिव्हला बाहेरून एक जादा आवरण असतं ते अडवतं, त्यामुळे ई. कोलायच्या प्लेटवर काहीच नाही दिसलं तर डोकं धरून बसू नका.

जंतू वाढवायचं माध्यम म्युलर हिंटन अगार, लिटरला ३८ ग्रॅम, १२१ डिग्रीला १५ मिनिटं ऑटोक्लेव्ह, प्लेटमध्ये साधारण ४ मिलिमीटर जाडी. जाडी कमीजास्त झाली की झोन, म्हणजे अर्काभोवती जंतू न वाढलेला मोकळा गोल, पण कमीजास्त, म्हणून प्रत्येक प्लेटमध्ये मोजून ओता. जंतूंचं द्रावण ०.५ मॅकफरलंड या गढूळपणाच्या मापाला जुळवा, म्हणजे मिलीमागे साधारण १.५ गुणिले दहाचा आठवा घात इतके जंतू. कापसाच्या काडीने तीन दिशांनी फिरवा. निर्जंतुक ६ मिलिमीटर बोअररने खड्डे पाडा, प्रत्येकात ५० मायक्रोलिटर, प्लेट तासभर फ्रीजमध्ये म्हणजे अर्क पसरतो, मग ३७ डिग्रीला १८ ते २४ तास. अर्क डीएमएसओ या सॉल्व्हंटमध्ये विरघळवला असेल तर नुसत्या डीएमएसओचा खड्डा पाहिजेच, आणि एक अँटिबायोटिकचा. झोन मोजताना खड्ड्याचा व्यास धरून मोजलाय की सोडून ते लिहा.

झोन दिसला नाही म्हणजे गुण नाही असं होत नाही, हे मला फार उशिरा कळलं. अगारमधून पसरायला रेणू लहान आणि पाण्याशी मिळतंजुळतं असावं लागतं. बीटा ग्लुकान इतकं अवजड की खड्ड्यातच बसून राहतं, ट्रायटर्पीन तेलकट म्हणून हलत नाही. आणि १२ मिलिमीटरचा अर्काचा झोन आणि २४ मिलिमीटरचा स्ट्रेप्टोमायसिनचा झोन समोरासमोर ठेवून "अर्क अँटिबायोटिकच्या निम्मा प्रभावी" असं लिहिणाऱ्यांना मी हात जोडते. खरं उत्तर एमआयसी, म्हणजे वाढ थांबवणारा सगळ्यात कमी डोस, यातून मिळतं, ९६ खड्ड्यांच्या प्लेटमध्ये अर्क दरवेळी निम्मा करत जायचा, जंतू घालायचे आणि कुठल्या डोसपर्यंत वाढ थांबते ते बघायचं. कच्च्या अर्काची एमआयसी मिलीमागे १०० मायक्रोग्रॅमच्या आत आली तर आनंद करायचा, १००० च्या वर गेली तर गप्प बसायचं, साधारण असा हिशोब लोक धरतात.

इथेच सगळ्यात छान फसवणूक लपलीय. वाढ दिसावी म्हणून आपण रेझाझुरिन हा रंग घालतो, निळा राहिला तर जंतू वाढले नाहीत, गुलाबी झाला तर जिवंत. पण निळ्याचा गुलाबी होतो म्हणजे रिडक्शन होतं, आणि तुमचा अर्क अँटिऑक्सिडंट आहे म्हणजे तो स्वतःच रिडक्शन करणारा! जंतू नसतानाही खड्डा गुलाबी होऊ शकतो. माझी सगळ्यात जास्त डोसची रांग गुलाबी आणि खालची निळी आली होती, म्हणजे जास्त औषधाने जंतू वाढतात आणि कमीने मरतात असा शोध मी लावला होता. तेव्हा जंतूंशिवाय नुसता अर्क, मीडियम आणि रंग अशी एक रांग कायम लावा, आणि शंका आली की त्या खड्ड्यातलं थोडं साध्या अगारवर पसरून दुसऱ्या दिवशी बघा, वसाहती आल्या की आल्या, तिथे रंगाचा प्रश्नच नाही. याच प्लेटवरून जंतू नुसते थांबले की खरंच मेले ते पण कळतं.

रिपोर्ट लिहिताना सगळे घसरतात ते शेवटच्या परिच्छेदात, "म्हणून हे अळंबं कॅन्सर, मधुमेह व हृदयविकारावर उपयुक्त आहे". कुठून आलं हे? तुम्ही क्युव्हेटमध्ये एक जांभळा रंग घालवलात. डीपीपीएच शरीरात कुठेही नसतं, पोटात गेल्यावर पॉलिफिनॉलचं काय होतं, रक्तात किती उतरतं हे तुम्ही तपासलेलं नाही. ते लिहायचं नाही, बाकी सगळं लिहा. गॅनोडर्मा घातलेली कॉफी घरोघरी विकणारे काका काकू नेमकी हीच क्युव्हेटची भाषा वापरून डबा गळ्यात मारतात, आमच्या नात्यात एकांनी रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असताना डॉक्टरांना न सांगता ती सुरू केली होती. गॅनोडर्मा त्या गोळ्यांच्या जोडीने रक्तस्राव वाढवू शकतं असं डॉक्टर सावध करतात, आणि गॅनोडर्माची पावडर घेतल्यावर यकृताला इजा झाल्याच्या केसेस छापून आलेल्या आहेत. चागा नावाचं थंड प्रदेशातलं अळंबं हल्ली ऑनलाइन मिळतं, त्यात ऑक्झलेट भरपूर, रोज चमचे भरभरून खाऊन किडनी गेल्याची केस जपानमधून आलेली आहे. आजीच्या सहाणेवर दोन वळसे उगाळलेला फणसांबा आणि रोजची कॅप्सूल यात डोसाचाच केवढा फरक आहे बघा, आणि बाळाच्या तोंडात काही लावायचंच असेल तर आधी बालरोगतज्ज्ञांना विचारा, तुमचा प्रोजेक्ट चांगला झाला म्हणून लावू नका.

प्लेट मोजून झाल्या की सरळ कचऱ्यात नाही, आधी ऑटोक्लेव्ह. मिथेनॉल बेसिनमध्ये ओतायचं नाही, वेस्टच्या बाटलीत. उरलेली पावडर, कच्ची रीडिंगची वही आणि ते न दळलेलं अर्धं अळंबं डांबरगोळी घालून डब्यात ठेवा, डब्यावर झाडाचं नाव, गाव, तारीख. माझा डबा अजून कॉलेजच्या कपाटात आहे, मागच्या वर्षी एका मुलीने त्यातलाच तुकडा घेऊन आयटीएस करून घेतलं.